किती मिळाले, की काय चुकले?

ऑगस्ट महिना होता. कोयनानगरचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्याबद्दल वेगळे सांगायला नको. शाळा सुटली होती आणि आम्ही पायाभूत चाचणीच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधत होतो. तेवढ्यात तिसरीतल्या एका मुलाची अम्मी भिजलेल्या बुरख्यानिशी वर्गाच्या दारात येऊन उभी राहिली. सोबत मुलगाही होता, पण तो व्हरांड्यातच खांबाला टेकून थांबला. त्याचा चेहरा पाहूनच कळले की घरी काहीतरी झाले आहे.

"सर, हमारा बच्चा नापास हुआ क्या?" तिने आत येण्याआधीच विचारले.

आम्ही म्हणालो, "भाभी, आधी बसा. या पेपरात पास-नापास काही नसते."

पण तिला ते पटेना. मुलाने घरी सांगितले होते की गणितात आपल्याला सगळ्यांपेक्षा कमी मिळाले. शेजारणीने सांगितले होते की हा 'सरकारी पेपर' असतो, वरून येतो, आणि ज्याचा तो बिघडला त्याचे पुढे कठीण. दोन रात्री विचार करून घरात निर्णयही झाला होता. मुलाला घाटाखाली चिपळूणला खालाकडे ठेवायचे आणि तिथे दुसऱ्या शाळेत घालायचे. "यहाँ रहेगा तो अब्बा के सरीखा गाडे पेच बैठेगा," ती म्हणाली. आठ वर्षांचे पोर आई-बापापासून लांब जाणार होते, आणि ते एका पेपरातल्या आकड्यावरून.

आम्ही त्या मुलाची उत्तरपत्रिका काढली आणि तिच्यासमोर ठेवली. मांडलेली वजाबाकी त्याने बरोबर सोडवली होती. हातचा घेण्यातही चूक नव्हती. चुकली होती ती शाब्दिक उदाहरणे. टोपलीत ५२ आंबे होते, त्यांपैकी १७ विकले, तर किती शिल्लक राहिले, अशा धाटणीचे एक उदाहरण होते. त्याने उत्तर लिहिले होते ६९. बेरीज करून मोकळा झाला होता.

मुलाला आत बोलावले आणि विचारले, "बेटा, शिल्लक म्हणजे काय?"

तो जरा घुटमळला. मग म्हणाला, "सगळे मिळून."

आता तेच उदाहरण आम्ही त्याला घरच्या बोलीत घातले. "बावन आम थे, सतरा बेच दिए, कितने बचे?" त्याने बोटेसुद्धा मोजली नाहीत. "पैंतीस," म्हणाला. अब्बांच्या फळांच्या गाड्यावर सुट्टीच्या दिवशी बसणारे पोर ते. रोजचा हिशेब त्याच्या जिभेवर होता. त्याला वजाबाकी येत होती, 'शिल्लक' हा शब्द येत नव्हता.

त्याच्या अम्मीने पेपराकडे पाहिले, मुलाकडे पाहिले आणि हळूच म्हणाली, "मैंने तो इसको मारा, सर."

त्या संध्याकाळी घरी जाताना आम्हाला वाटत राहिले की यात त्या माउलीचा दोष थोडाच आहे. चाचणी घेतो आम्ही, तपासतो आम्ही, गुण वर पाठवतो आम्ही. पण ही चाचणी कशासाठी, तिचा अर्थ काय, हे पालकांना समजेल अशा भाषेत आम्ही कधी सांगितले? पालक सभेत 'संकलित', 'आकारिक', 'अध्ययन निष्पत्ती' असे जड शब्द फेकून आम्ही मोकळे होतो. पालक मान डोलावतात आणि घरी जाऊन मुलाला एकच प्रश्न विचारतात, "किती मिळाले?" म्हणून हा लेख. आमच्या अनेक वाचकांच्या घरी तिसरी-चौथीतली मुले असतील, त्यांच्या उपयोगी पडावा एवढीच इच्छा.

पहिली गोष्ट ही की शाळेत होणारे सगळे पेपर एका जातीचे नसतात. ते वेगवेगळ्या कामांसाठी असतात, आणि ते काम कळले की निम्मी भीती जाते.

सर्वांत जवळचे म्हणजे शाळेचे स्वतःचे मूल्यमापन. महाराष्ट्रात २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू झाले. त्याचे दोन भाग. वर्षभर वर्गात चालते ते आकारिक. त्यात रोजचे निरीक्षण, तोंडीकाम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, छोट्या चाचण्या, स्वाध्याय हे सगळे येते. सत्राच्या शेवटी होते ते संकलित. लहान वर्गात आकारिकाला जास्त वजन दिले गेले. पहिली-दुसरीला आकारिक ७० आणि संकलित ३०, तिसरी-चौथीला ६० आणि ४०, पाचवी-सहावीला निम्मे निम्मे, आणि सातवी-आठवीला ४० आणि ६०. म्हणजे तिसरीतल्या मुलाचे प्रगतिपुस्तक एका दिवसाच्या पेपरावर ठरत नाही. त्याने वर्षभर वर्गात काय केले, याला त्यात मोठा वाटा आहे. पुस्तकात 'अ-१', 'ब-२' अशा श्रेणी दिसतात, त्या या दोन्हींच्या बेरजेवरून येतात. ९१ ते १०० ला अ-१, ८१ ते ९० ला अ-२, ७१ ते ८० ला ब-१, असे ते उतरत जाते.

दुसरी आहे ती नियतकालिक मूल्यांकन चाचणी. शेजारणीचा 'सरकारी पेपर' तो हाच. प्राथमिक वर्गांतल्या मुलांसाठी, सरकारी आणि अनुदानित शाळांतून, वर्षातून तीनदा. सुरुवातीला पायाभूत चाचणी, मग संकलित मूल्यमापन १ आणि शेवटी संकलित मूल्यमापन २. विषय तीन, प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजी. प्रश्नपत्रिका राज्यभर एकच असते आणि ती उर्दूसह दहा माध्यमांतून निघते. यातली पायाभूत चाचणी तर मागच्या इयत्तेचे काय पक्के आहे आणि काय कच्चे, हे पाहण्यासाठीच असते. तिच्यात कमी गुण मिळणे म्हणजे शिक्षकाला मिळालेली सूचना की या मुलाकडून अमुक गोष्ट पुन्हा करून घ्या.

तिसरे आहे ते राष्ट्रीय सर्वेक्षण. १२ नोव्हेंबर २०२१ रोजी देशभर तिसरी, पाचवी, आठवी आणि दहावीच्या वर्गांचे सर्वेक्षण झाले. त्यानंतर ४ डिसेंबर २०२४ रोजी तिसरी, सहावी आणि नववीचे 'परख' सर्वेक्षण झाले. हे निवडक शाळांतच होते. त्यातून जिल्ह्याचे आणि राज्याचे चित्र कळते. एकेका मुलाचा निकाल त्यात निघतच नाही. तरीही आदल्या रात्री मुलाला बारा वाजेपर्यंत जागवणारे पालक आम्ही पाहिले आहेत.

चौथी शिष्यवृत्ती परीक्षा. ती महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. बसायचे की नाही ते ऐच्छिक आहे. दोन पेपर असतात. एकात प्रथम भाषा आणि गणित, दुसऱ्यात तृतीय भाषा आणि बुद्धिमत्ता चाचणी. प्रत्येकी १५० गुण. पूर्वी ही चौथी आणि सातवीला असे, २०१६-१७ पासून ती पाचवी आणि आठवीला आली. इयत्ता बदलत असल्यामुळे त्या त्या वर्षी शाळेत विचारून घ्यावे. ही खरी स्पर्धा आहे, तिची तयारी जरूर करावी. पण जे मूल बसले नाही किंवा ज्याला शिष्यवृत्ती मिळाली नाही, ते कच्चे ठरत नाही.

आणि पाचवी. मुले पुढे ढकलली जाण्या-न जाण्याचा प्रश्न प्राथमिक वर्गांत फक्त इथे आणि आठवीत येतो. शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये आठवीपर्यंत कोणालाही मागे ठेवायचे नाही असे होते. २०१९ मध्ये कायद्यात बदल झाला, आणि महाराष्ट्राने २०२३-२४ पासून पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा सुरू केली. तीत मूल उत्तीर्ण झाले नाही तर जादा मार्गदर्शन आणि पुनर्परीक्षेची संधी मिळते. तिथेही जमले नाही तर ते त्याच वर्गात राहते. मात्र प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत शाळा कोणत्याही मुलाला काढून टाकू शकत नाही. ही एक गोष्ट माहीत असली तरी बऱ्याच घरांची झोप परत येईल.

हे सगळे आम्ही त्या भाभींना सांगत होतो, पण खरे काही उलगडले ते मकतबच्या गोष्टीने. त्यांची थोरली मुलगी मकतबला जाते. आम्ही विचारले, "हाफिजसाहेब रोज सबक ऐकतात ना? सबक कच्चा निघाला तर काय करतात?"

"आगे का सबक नहीं देते. वहीच फिरसे."

"आणि आमोख्ता?"

"पिछला पूरा सुनते. जहाँ अटकी, वहाँ निशान लगा के देते."

"मग ती अडकली त्या दिवशी तुम्ही तिला चिपळूणला पाठवता का?"

ती हसली. त्या दिवशी पहिल्यांदाच.

आपल्या घरांत ही पद्धत किती जुनी आहे पाहा. नूरानी कायदा शिकणारे मूल रोज परीक्षा देते, पण त्याला कोणी परीक्षा म्हणत नाही. एकेका मुलाचे वेगळे ऐकले जाते. अडखळले तिथे खूण होते, पुन्हा तेच गिरवले जाते आणि पक्के झाले की पुढचे मिळते. दहा मुलांचे सबक दहा ठिकाणी असतात आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. पायाभूत चाचणीही अशीच खूण आहे. फरक एवढाच की इथे ऐकण्याऐवजी कागदावर लिहून घेतले जाते आणि खुणेच्या जागी आकडा येतो. आकडा आला की आपण खूण विसरतो.

आमच्या गावच्या धरणाचेही तसेच आहे. १ जूनला धरणाचे तांत्रिक वर्ष सुरू होते, आणि तेव्हापासून पाण्याची पातळी, आवक, टीएमसी असे आकडे रोज मोजले जातात. साठवण क्षमता १०५.२५ टीएमसी. जूनमध्ये पाणी तळाला गेले म्हणून कोणी धरणाला नापास म्हणत नाही. दरवाजे केव्हा आणि किती उघडायचे, हे ठरवायला आकडा लागतो. तो खोटा असून चालत नाही, कारण खाली नदीकाठी गावे आहेत.

आकडा खोटा असून चालत नाही, हे आम्ही स्वतः चूक करून शिकलो. ते इथे सांगितले पाहिजे.

जून २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम आला आणि त्याच्याबरोबर पायाभूत चाचण्या आल्या. त्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. आपली शाळा मागे दिसू नये, असे दडपण आम्हा शिक्षकांवर होते. काही खरे होते, काही आम्हीच घेतलेले. चौथीतली एक मुलगी पेपर समोर घेऊन नुसती बसून होती. उताऱ्यावरचे प्रश्न होते. आम्ही तिच्या बाकाजवळून जाताना उताऱ्यातल्या एका ओळीवर बोट ठेवले. मग दुसऱ्या. पुढच्या प्रश्नाला तिने आपणहून वर पाहिले, आणि आम्ही पुन्हा बोट ठेवले. तिला चांगले गुण पडले.

त्या चाचणीवरून वर्गातल्या कोणाला जादा वेळ द्यायचा याची यादी झाली. तिचे नाव यादीत आले नाही. कसे येणार? कागदावर ती वाचत होती. शाळा सुटल्यावर बाकीची सहा मुले आमच्याजवळ बसून वाचन करत, आणि ती दप्तर घेऊन घरी जाई.

पुढच्या वर्षी एकदा तिच्या दादीला कराडच्या दवाखान्यातून चिठ्ठी मिळाली, मराठीत लिहिलेली. घरातले सगळे कामावर होते. दादीने नातीला वाचायला सांगितले. पोरगी पाचवीत होती. तिला ती चिठ्ठी वाचता आली नाही. दादी ती चिठ्ठी घेऊन आमच्या घरी आली. आम्ही वाचून दाखवली. तारखेची गोष्ट होती, आणि तारीख आदल्या दिवशी होऊन गेली होती. दादी काही बोलली नाही. मुलगी मात्र दारात उभी होती. ती म्हणाली, "सर, पेपरात तुम्ही बोट ठेवलं होतं."

तिने तक्रार केली नव्हती. जे झाले तेच तिने सांगितले होते. पण आमच्याकडे उत्तर नव्हते. मूल ही आई-बापाने आमच्याकडे ठेवलेली अमानत असते. त्या अमानतीत आम्ही खियानत केली, आणि तीही मदत करतो आहोत असे समजून. पुढे वर्षभर ती मुलगी रोज असरनंतर आमच्या घरी येऊन बसू लागली. दुसरीच्या बालभारतीपासून सुरुवात केली. वाचायला लागली, पण एक वर्ष गेले ते गेले. तेव्हापासून चाचणीच्या दिवशी आम्ही हात पाठीमागे बांधून वर्गात फिरतो. मुले हसतात.

हे सांगण्याचे कारण, हाच मोह पालकांनाही होतो. पायाभूत चाचणीआधी शिकवणी लावणे, मागच्या वर्षीचा पेपर आणून पाठ करून घेणे, कच्चे मूल त्या दिवशी घरी ठेवणे. याने आकडा चांगला दिसेल, किंवा दिसणारच नाही, पण मूल जिथे आहे तिथेच राहील. ताप आला तर काही सांगणेच नको. एरवी मात्र त्या दिवशी मुलाला शाळेत पाठवा. पोटभर नाश्ता आणि रात्रीची झोप, एवढीच तयारी पुरे.

आता प्रश्न, की पेपर झाल्यावर पालकांनी काय करावे? आमच्या अनुभवातून काही गोष्टी सांगतो.

शाळेत जा आणि उत्तरपत्रिका पाहायला मागा. गुण ऐकून परत येऊ नका. आपल्याला मराठी वाचता येत नसेल, अनेक अम्मींना फक्त उर्दू येते, तर त्याची लाज बाळगू नका. शिक्षकाला विचारा, "कोणते प्रश्न चुकले? सगळे एकाच जातीचे आहेत का? तुम्ही यावर वर्गात काय करणार, आणि घरी आम्ही काय करू?" या तीन प्रश्नांना उत्तर देणे हे शिक्षकाचे काम आहे. खालच्या श्रेणीतल्या मुलाला जादा मार्गदर्शन देणे हेही शाळेचेच काम आहे, उपकार नव्हेत.

चुकलेले उदाहरण मुलाकडून घरच्या बोलीत ऐका. आपल्या भागात कराडकडच्या घरांत दखनी बोलतात, घाटाखालच्या घरांत कोकणी मराठी. पेपर मात्र पुस्तकी मराठीत असतो. मूल कुठे अडते, हिशेबाला की शब्दाला, हे दोन मिनिटांत कळते. शब्दाला अडत असेल तर असे शब्द एका कागदावर लिहून चुलीजवळ लावा. एकूण म्हणजे कुल, शिल्लक म्हणजे जितके बचे, प्रत्येकी म्हणजे हर एक को, दुप्पट म्हणजे दुगना, निम्मे म्हणजे आधा, समान वाटणी म्हणजे बराबर बाँटना. भाजी निवडता निवडता हे शब्द वापरा. "पाव किलो वांगी घातली, आता किती शिल्लक?" एवढे पुरते.

मूल वाचते की नाही, हे पाहण्यासाठी चाचणीची वाट पाहू नका. 'प्रथम' ही संस्था २००५ पासून 'असर' नावाची पाहणी करते. त्यात कार्यकर्ते घरोघर जाऊन मुलांना अक्षरे, शब्द, छोटा उतारा किंवा दुसरीच्या पातळीची गोष्ट यांतले काय वाचता येते ते पाहतात. हे आपण घरीही करू शकतो. दुसरीचे बालभारती घ्या, पूर्वी न वाचलेले पान उघडा आणि मोठ्याने वाचायला सांगा. तिसरी-चौथीतले मूल तिथे अडखळत असेल तर त्याच आठवड्यात शिक्षकाला सांगा.

फळ्यावरचे उतरवताना चुका होत असतील तर डोळे तपासून घ्या. आम्ही वर्षानुवर्षे 'लक्ष नाही' म्हणून ज्यांना रागावलो, त्यांतल्या काहींना चष्मा हवा होता.

आणि मारू नका. मार खाल्लेले मूल पुढच्या वेळी चूक लपवते. लपवलेली चूक आम्हाला दिसत नाही, तुम्हालाही नाही.

त्या मुलाचे काय झाले ते सांगायचे राहिले. तो चिपळूणला गेला नाही. त्याच्या अब्बांनी गाड्यावर पाटी लावून घेतली आणि दिवसभराच्या विक्रीनंतर तो तिच्यावर मराठीत लिहू लागला, एकूण इतके, विकले इतके, शिल्लक इतके. संकलित १ मध्ये त्याची शाब्दिक उदाहरणे बरीच सुधारली. भागाकार मात्र कच्चा निघाला. निकालानंतर त्याची अम्मी शाळेत आली. या वेळी मुलगा खांबाला टेकून उभा नव्हता, तोच पुढे होता. ती बाकावर बसली, उत्तरपत्रिका मागून घेतली आणि म्हणाली, "सर, किते मिले वो बाद में. ये भागाकार में अटकता कायकू, वो बताओ."

आम्ही खडू घेतला आणि फळ्यापाशी गेलो.